चार शाळांचे तात्या

तात्या जोगळेकर पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, कुणी माधुकरी मागायला आलंय. ओला पंचा खांद्यावर, पाय अनवाणी, कपाळावरचं गंध घामानं ओघळलेलं. मी आत जाऊन पसाभर तांदूळ आणले. त्यांनी पंचाचं टोक पसरलं, तांदूळ घेतले, नीट गाठ मारली आणि म्हणाले, "हे नावेवरच्या पोरांच्या खिचडीला झाले. आता मी ज्या कामाला आलोय ते बोलू का?"

आम्हाला काशीत येऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांची बदली इथल्या पोस्टात झाली होती. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, मराठी वस्तीत, दोन खोल्या मिळाल्या होत्या. खिडकीतून समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. गावाकडची माणसं नाहीत, ओळखी नाहीत, दिवसभर करायचं काय हा प्रश्न. आणि हे गृहस्थ उंबऱ्यावरच बसकण मारून विचारत होते, "वहिनी, तुम्ही फायनल पास आहात म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोस्टात कळलं. मनीऑर्डरी घ्यायला मी रोज जातो. परवा तुमचे यजमान माझी सही बघून म्हणाले, अक्षर सुरेख आहे, पण आमच्या घरात याहून सुरेख आहे. आता नवरा बायकोच्या अक्षराची परक्यापाशी तारीफ करतो, म्हणजे अक्षर खरंच चांगलं असणार. उद्या सकाळी पलीकडच्या गल्लीत, मुलींच्या शाळेत या. पोरी वाट बघतील."

"अहो, पण मी अजून हो कुठे म्हटलंय?"

"ते उद्या आल्यावर म्हणा," तात्या म्हणाले आणि उठून चालू लागले. पगाराचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, ती काशी सुटेपर्यंत जातच राहिले.

तात्यांच्या चार शाळा होत्या. चारही प्राथमिक. पहिली मुलांची, रावसाहेबांच्या हवेलीच्या पडवीत. रावसाहेब म्हणजे कुण्या जुन्या सरदार घराण्याचे वारस. काशीत राहून देवधर्म करत. दुसरी अहिल्याबाई घाटाजवळ एका देवळाच्या ओसरीत. तिथे पूजा आणि पाढे एकदमच चालत. तिसरी माझी, मुलींची, एका व्यापाऱ्याच्या माडीवर. आणि चौथी नावाड्यांच्या मुलांची, पंचगंगेच्या खाली एका जुन्या बजड्यावर. बजडा म्हणजे छपराची मोठी नाव. ती कुणी टाकून दिली होती. तात्यांनी मागून आणली, भोकं बुजवली आणि खुंटाला बांधून तिच्यावर फळा टांगला.

तात्यांचा धंदा भिक्षुकीचा. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी ते करत. पंचगंगेच्या पायऱ्यांवर त्यांची बांबूची मोठी छत्री होती. पहाटेपासून तिथे बसायचं, संकल्प सांगायचे, पिंड पाडायचे, आणि दुपारचं ऊन चढलं की छत्री मिटून चारही शाळांची फेरी करायची. घाटांच्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या, पुन्हा उतरायच्या. साठीला आलेला माणूस, पण धाप लागलेली कधी पाहिली नाही. फेरीत ते वर्गाच्या आत कधी येत नसत. बाहेर उभं राहून डोळे मिटून ऐकायचे. "शाळा कानानं कळते, वहिनी. डोळ्यांना फसवता येतं. अगदी शांतता असली की समजायचं, मास्तरनं मारलेलं आहे. फार गोंगाट असला तर मास्तर झोपलेला आहे. मधला जो आवाज असतो ना, भांड्यात डाळ शिजते तसा, तो ऐकला की मी पुढे जातो."

जन्म काशीतला, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळून गेलेली की त्यांना स्वतःला शिवण दिसत नसे. भाजीला तरकारी म्हणत, उकाड्याला उमस म्हणत, आणि "मी नहाऊन येतो" हे तर अख्खी मराठी वस्तीच म्हणे. मी आमच्या पद्धतीचं बोलले की ते कौतुकानं ऐकायचे. "तुमची मराठी एकदम ताजी आहे हो वहिनी. आमची इथे येऊन शिळी झाली." घाटावरचे लोक त्यांना तात्या गुरु म्हणत. कशाचीही अडचण सांगितली, छप्पर गळतंय, खडू संपलेत, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "हो जाई." होऊन जाईल. कसं, ते त्यांनाही ठाऊक नसे.

कनवटीला दोन गाठी असत. एकीत दक्षिणा, दुसरीत खडूचे तुकडे. वर्गात पडलेला बोटभर तुकडाही ते उचलून ठेवत. एकदा एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईला प्रसाद म्हणून त्यांनी खडीसाखरेऐवजी खडू दिला. बाई भाविक, तिनं तो डोळे मिटून चघळला. तात्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी ते रमाकाकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगत होते, "पण काही बोलली नाही गं. म्हणाली, काशीचा प्रसाद वेगळाच असतो."

आता या चार शाळा चालत कशावर, ते सांगते. मुलींच्या शाळेला आणि पडवीतल्या शाळेला थोडी फी येई. म्युनिसिपालिटीचं अनुदान येई, पण ते मनाला येईल तेव्हा. बाकी सगळा भार यात्रेकरूंवर. काशीला आलेल्या माणसानं आवडीचा एखादा पदार्थ गंगेवर सोडायचा, जन्मात पुन्हा खायचा नाही, ही जुनी चाल. लोकही हुशार. आवडीचा म्हणून जो सोडत, तो बहुधा त्यांना मुळीच आवडत नसे. तात्यांनी इथे आपलं एक कलम घुसवलं होतं. सोडायचं ते खरंच आवडीचं, आणि त्यावर वर्षाला जो खर्च होत असे तो दर दिवाळीला काशीच्या शाळांना पाठवायचा.

एकदा फक्त माझ्या शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी स्नानाला गेले असताना हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. कोल्हापूरकडचे एक देसाई, चांगले धिप्पाड, पायरीवर बसले होते. शेजारी त्यांची बायको.

"काय सोडता?" तात्यांनी विचारलं.

"कारलं," देसाई म्हणाले.

"वा! फार आवडतं?"

"फार."

बाईंनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी मोर्चा तिकडे वळवला. "वहिनी, घरी कारलं किती वेळा होतं?"

"एकदा केलं होतं," बाई म्हणाल्या. "ताट अंगणात गेलं."

"गंगेच्या काठी बसून खोटं बोलायचं नसतं हो देसाई. वहिनी, यांचं खरं आवडीचं काय ते सांगा."

"तपकीर," बाई झटकन म्हणाल्या. जणू लग्न झाल्यापासून कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून त्या थांबल्या होत्या.

देसाई उसळले. "तपकीर हा खायचा पदार्थ नव्हे!"

"नाकानं खाता म्हणून काय झालं?" तात्या म्हणाले. "आणि हे बघा, गंगामाईला तपकिरीचा उपयोग नाही. ती शिंकत नाही. पण खाली त्या नावेवर पोरं आहेत, त्यांना पाट्या लागतात."

देसायांनी बजड्याकडे पाहिलं. तिथून पाढ्यांचा आवाज येत होता. मग कमरेची चांदीची डबी काढली, एक शेवटची चिमूट ओढली, दणदणीत शिंकले आणि डबी पाण्यात टाकायला हात उचलला. तात्यांनी हात वरच्या वर धरला. "डबी नको. डबी चांदीची आहे. ती शाळेला द्या."

त्यानंतर कैक वर्षं दिवाळीला देसायांची मनीऑर्डर येत राहिली. खालच्या कागदावर दरवेळी एकच मजकूर: "शिंकेवाचून दिवस काढतो आहे. शाळा नीट चालवणे." पोस्टातून आले की हे मला तो मजकूर ऐकवायचे आणि आम्ही दोघं जेवताना हसायचो. अशा मनीऑर्डरी सगळ्या मुलखातून येत. कुणी तंबाखू सोडलेला, कुणी जिलबी, कुण्या वकिलानं दुपारचा चहा. नावेवरची शाळा मुख्यतः तपकीर-तंबाखूवर चाले. माझी जिलबीवर.

मी एकदा विचारलं, "आणि तात्या, तुम्ही काय सोडलंत?"

"मी काशीतच जन्मलो, वहिनी. मी यात्रेकरू नव्हे. मला सगळं खायची मुभा आहे," असं म्हणून त्यांनी समोरच्या हलवायाला दोन कचौड्या काढायला सांगितल्या. एक माझ्या हातावर ठेवली.

पैसे कुठूनही येवोत, ते पडत एकाच ठिकाणी, रमाकाकूंच्या स्वयंपाकघरातल्या एका पितळी डब्यात. तात्यांना हिशेब येत नसे. शाळा काढणाऱ्या माणसाला वजाबाकी येत नाही, याची रमाकाकू मनमुराद थट्टा करत. "यांना सगळी बेरीजच येते. एक शाळा होती, दोन केल्या. दोनाच्या चार केल्या. कमी कसं करायचं ते यांच्या गुरुजींनी शिकवलंच नाही." डबा काकूंच्या ताब्यात. कुठल्या शाळेला काय लागतंय, ते बघून त्या देत. कुठल्या शाळेनं काय आणलं, ते बघत नसत. आम्हा मास्तरांना हे कधीकधी खटके. माझ्या मुलींनी फी दिली आणि तिच्यातून आणलेले तक्ते गेले देवळाच्या ओसरीत, तर मीही कुरकुर केलेली आठवते. तात्यांनी त्यावर उपाय काढला होता. अधूनमधून महिन्याभरासाठी मास्तरांची अदलाबदल करायची. माझी शाळा, तुझी शाळा असं कुणी म्हणायला लागलं की त्याची बदली थेट नावेवर. मीही एक महिना नावेवर काढला. पहिले काही दिवस फळ्यावर लिहिलेली ओळ उतरतीच जायची. नंतर मला डुलत्या फळ्यावर सरळ लिहिता येऊ लागलं आणि घरी जमिनीवर चालताना झोक जाऊ लागला.

मी नावेवर असतानाच डिपुटीसाहेब तपासणीला आले. शाळांचे तपासनीस; अंगानं भरलेले, स्वभावानं गरीब, पण कागदापुढे हतबल. बजड्यावर पाय ठेवताना त्यांनी तात्यांचा हात घट्ट धरला होता. कागद उघडून त्यांनी विचारलं, "गुरुजी, पाठशाला का पता क्या लिखूँ?"

"लिखिए, गंगाजी."

"मोहल्ला?"

"पंचगंगा के नीचे. बरसात में थोड़ा ऊपर."

डिपुटींनी कपाळ पुसलं. नियमात इमारत हवी होती, आणि इमारत म्हणजे जागची न हलणारी. ते हे समजावून सांगत असतानाच धान्याची एक मोठी नाव जवळून गेली. लाट आली. बजडा एका अंगाला कलला. डिपुटींनी खांबाला मिठी मारली. पोरं मात्र पाढा न थांबवता सगळी एकदम दुसऱ्या बाजूला झुकली, नाव सरळ झाली, पुन्हा लाट आली, पुन्हा झुकली. सतराचा पाढा एकदाही तुटला नाही. डिपुटी खांब धरूनच हसायला लागले. शेरा त्यांनी फार सुंदर लिहिला. शिक्षण उत्तम, शिस्त उत्तम, हजेरी उत्तम. खाली लिहिलं, इमारत नसल्यामुळे अनुदान देता येत नाही. तात्यांनी वरचा भाग सगळ्या घाटाला वाचून दाखवला आणि खालचा वाचलाच नाही.

हे सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग एका पावसाळ्यात कसोटीची वेळ आली.

दरवर्षी गंगेला पूर आला की नावेवरची शाळा बंद व्हायची. पाणी अर्ध्या पायऱ्या गिळून वर यायचं, बजडा वरच्या खुंटाला दोरखंडांनी जखडून ठेवायचे. पाणी उतरेपर्यंत पोरं शिकलेलं विसरून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वर्षी तात्यांनी ठरवलं, की विसरू द्यायचं नाही. त्यांनी नावाड्यांची पोरं वर आणली आणि रावसाहेबांच्या पडवीत, इतर मुलांच्या शेजारी बसवली.

दुसऱ्या दिवशी पडवीतली निम्मी मुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी रावसाहेबांचं बोलावणं आलं. मास्तरांनाही घेऊन या, असा निरोप होता, म्हणून मीही गेले.

रावसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना सरबत दिलं, माझ्या शाळेतल्या मुलींच्या अक्षराची चौकशी केली. मग म्हणाले, "तात्या, किती दिवस असं दारोदार फिरणार? माझ्या मनात एका गावाचं उत्पन्न शाळांच्या नावानं करून द्यायचं आहे. कायमचं. इमारत बांधू. मास्तरांना पहिल्या तारखेला पगार मिळेल. तुमच्यामागेही शाळा चालतील."

आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नको. त्या पावसाळ्यात आमचे पगार थकले होते.

"फक्त ती नावेची शाळा यात नको," रावसाहेब पुढे म्हणाले. "त्या मुलांना कुणी मिशनवाले बघतील. आणि पडवी उद्यापासून पूर्वीसारखी. लोक माझ्यापाशी येऊन बोलतात, मला उत्तर देता येत नाही."

 विचार करून सांगतो, एवढंच म्हणून तात्या उठले. वाटेत त्यांनी एकदाही "हो जाई" म्हटलं नाही. मीही त्यांच्या घरी गेले; तिथे त्यांनी रमाकाकूंना सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या बाजूनं काही मीठमिरची लावली नाही. गाव, इमारत, पगार, सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना मोह पडला होता हे त्यांच्या आवाजात कळत होतं. काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी तवा उतरवला.

"म्हणजे पानं चार मांडलेली आहेत. त्यांतलं एक उचलायचं आणि उरलेल्या तिघांना तूप जास्त वाढायचं. असंच ना?"

"तसंच म्हणायचं."

"मग जे पान उचलायचं, त्याला जाऊन तुम्ही सांगा. मी वाढणारी आहे. मला कुणाला उठवता येत नाही."

सकाळी तात्या हवेलीवर गेले. मी बरोबर नव्हते, पण तिथल्या कारकुनानं नंतर सांगितलं, की ते उभ्यानंच म्हणाले, "रावसाहेब, तुमचे उपकार फार आहेत. पण मला तीन शाळा चालवायची सवय नाही." आणि नमस्कार करून निघून आले.

पडवी गेली. मुलांची शाळा एका आखाड्याच्या कडेला हलवावी लागली. तिथे पहिलवानांच्या अंगाची माती उडून पाट्यांवर बसायची. एक मास्तर सोडून गेले. हे जिव्हारी लागण्यासारखं होतंच, पण त्याहून मोठा घाव पुढे होता. घाटावरच्या इतर भिक्षुकांनी ठरवलं, की नावाड्यांची पोरं पडवीत बसवणाऱ्या तात्यांकडे यात्रेकरू पाठवायचा नाही. स्टेशनवर, धर्मशाळेत, सगळीकडे त्यांची माणसं होती. आलेला यात्रेकरू परस्पर दुसरीकडे नेला जाई. तात्या पहाटे छत्री उघडत आणि ऊन चढलं की मिटत. खाली कुणी बसलेलं नसे. पितळी डबा रिकामा वाजू लागला.

एके दिवशी दुपारची फेरी झाली नाही. शाळा सुटल्यावर मी घाटावर गेले. पुराचं पाणी मातकट, वेगानं चाललं होतं. तात्या वरच्या पायरीवर बसून ते बघत होते. मला बघून सरकले.

"वहिनी, माझं चुकलं तर नाही ना? एका शाळेसाठी तीन घालवतोय की काय मी? तुमच्या पोरींचा काय गुन्हा?"

 मी म्हटलं, "आज तुमची फेरी झाली नाही. पोरी सारख्या दाराकडे बघत होत्या. गणित काही झालं नाही आमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दाराकडे बघत होत्या?"

"सगळ्या. मला दटावावं लागलं."

ते उठले, पंचा झटकला. "तुमची शाळा तर सुटली. असू दे. आखाड्यावर अजून असतील पोरं." आणि पायऱ्या चढून गेले.

पाणी उतरलं. घाटांवरचा गाळ लोकांनी खरवडून काढला. यात्रेचा हंगाम सुरू झाला. आणि एका सकाळी, मी स्नान करून वर येत होते तेव्हा, भरलेली एक नाव येऊन तात्यांच्या छत्रीपुढे लागली. नावाडी होता बुधई. त्याची दोन मुलं बजड्यावर शिकत होती. नावेतून नाशिककडचं एक मोठं कुटुंब उतरलं, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत.

तात्या गडबडले. "अरे बुधई, यांना कुठे न्यायचं होतं?"

"इहें," बुधई म्हणाला, म्हणजे इथेच.

"कुणी सांगितलं?"

बुधईनं वल्हं आडवं ठेवलं आणि नदीकडे बोट दाखवलं. "का करीं गुरु, धार एहीं खींच लेआवत हौ."

प्रवाहच इकडे ओढून आणतो, मी काय करू. थोड्या वेळानं दुसरी नाव लागली. मग तिसरी. काशीला आलेला माणूस नावेत बसल्याशिवाय राहत नाही, आणि नावा तर सगळ्या बजड्यावरच्या पोरांच्या बापांच्या. इतर भिक्षुक चिडून काठावर आले. त्यांनी विचारलं तर प्रत्येक नावाडी हात जोडून, अगदी गरीब चेहऱ्यानं, तेच सांगे: धार इकडेच खेचते महाराज, यंदाच्या पुरानं गंगाजीचा रस्ताच बदलला. सबंध हंगामभर ती धार पंचगंगेच्या त्या एका छत्रीपाशीच येऊन थांबत होती. शेवटी त्या भिक्षुकांनाही हसू आवरेना. त्यांच्यातल्याच एकानं तात्यांना येऊन म्हटलं, "बस हुआ गुरु. थोडी धार आमच्याकडेही सोडा." तात्यांनी बुधईला सांगितलं आणि त्या दिवसापासून नदी पूर्वीसारखी वाहू लागली.

बुधई स्वतः एकदा छत्रीखाली येऊन बसला. म्हणाला, मलाही काही सोडायचं आहे. त्यानं चिलीम सोडली. तात्यांनी त्याला तीनतीनदा विचारलं, झेपेल का म्हणून. पहिले काही दिवस तो इतका चिडचिडा झाला होता की त्याच्या नावेत बसायला लोक घाबरत. पण दर पौर्णिमेला तो काहीतरी आणून काकूंच्या डब्यात टाकायचा.

मुलंही परतली, एकेक करून. कुणाला घरी कंटाळा आला, कुणी आजीला पोथी वाचून दाखवताना अडखळू लागला. पावसाळ्यात आता आखाड्याच्या कडेला दोन्ही शाळा शेजारी-शेजारी बसत. रावसाहेब मात्र तात्यांशी पुन्हा बोलले नाहीत. पडवीला कुलूपच राहिलं. तिथून जाताना तात्यांची चाल थोडी मंदावे, एवढं मी पाहिलं आहे. 

पुढे ह्यांची बदली जबलपूरला झाली आणि आमची काशी सुटली. बरीच वर्षं मध्ये गेली. राज्य अजून साहेबाचंच होतं, पण ते फार दिवस राहणार नाही असं लोक उघड बोलू लागले होते. सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही पुन्हा काशीला गेलो. मणिकर्णिकेवरचं सगळं आटोपलं आणि मी ह्यांना म्हटलं, माझी शाळा बघून येते.

माडी तीच होती. जिना चढतानाच मधला तो आवाज कानावर आला आणि मला बरं वाटलं. दारातून डोकावले. शिकवत होती गोमती. माझ्याच हाताखाली अक्षरं गिरवलेली मुलगी, आता पदर खोचून फळ्यापुढे उभी. फळ्यावर इंग्रजी मुळाक्षरं होती. चारही शाळांत आता इंग्रजीचा तास सुरू झाला होता, असं मागाहून कळलं.

आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, चिमुरड्या पोरींच्या ओळीत तात्या मांडी घालून बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. मांडीवर पाटी. जीभ ओठांवर धरून ते काहीतरी काढत होते.

गोमती फिरत फिरत त्यांच्यापाशी गेली, वाकून बघितलं. "तात्या, हे उलटं आहे. पोट या बाजूला."

"त्या बाजूला होतं की काल."

"काल दुसरं अक्षर होतं. पुसा, पुन्हा काढा."

तात्यांनी पाटी पुसली. मान वर करताना त्यांची नजर दाराकडे आली आणि मी दिसले. चेहरा असा उजळला की काय सांगू. ते अर्धवट उठले आणि मग, कुठे बसलो आहोत ते आठवून, त्यांनी करंगळी वर केली.

"बाई, बाहेर जाऊ? पाहुण्या आल्यात."

गोमतीची माझ्याकडे पाठ होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "तास झाल्यावर," ती म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडे पाहून हात पसरले, काय करू, अशा अर्थानं. मी खुणेनं सांगितलं, मी थांबते. ते खाली बसले, शेजारच्या पोरीच्या पाटीत चोरून पाहिलं, आणि पेन्सिल ओली करून पोट कुठल्या बाजूला काढायचं याचा विचार करू लागले.